साथीचा माग : नोंदवहीपासून मोबाइलपर्यंत

साथ आली की प्रत्येकाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. ‘मला हा रोग होईल काय?’ हा पहिला आणि ‘हा आला कोठून?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे असते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र डॉक्टरांइतकीच शेजाऱ्याची, आरोग्यसेविकेची, ग्रामसेवकाची आणि खुद्द रुग्णाची गरज लागते. रुग्ण कोणाकोणाला भेटला, कोणाबरोबर जेवला, कोणत्या गाडीतून आला याची विचारपूस करून त्या माणसांपर्यंत रोगाच्या आधी पोहोचणे, याला संपर्क-शोध असे म्हणतात. कोरोनाच्या काळात हे काम मोबाइल आणि संगणक यांच्यावर सोपविण्याचा मोठा प्रयोग जगभर झाला. त्या प्रयोगातून काय साधले, काय साधले नाही आणि का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय विज्ञानाचा दिसतो; कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु या विषयाचा गाभा यंत्रात नाही. माणूस खरी माहिती केव्हा सांगतो आणि केव्हा लपवितो, हा त्याचा गाभा आहे. आणि हा प्रश्न इतिहासाचा, समाजशास्त्राचा व राज्यशास्त्राचा, म्हणजे आपलाच आहे.

गणित आणि वेळ

समजा, एक रुग्ण सरासरी दोघांना रोग देतो. दोघांचे चार होतात, चारांचे आठ. दहाव्या टप्प्याला नव्या रुग्णांची संख्या १,०२४ होते. उलट, प्रत्येक रुग्णाच्या संपर्कातील माणसे वेळीच बाजूला ठेवता आली आणि एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी माणसाला रोग जाऊ लागला, तर साथ हळूहळू विझते. तेव्हा सगळी साखळी तोडावी लागत नाही. पुरेशा कड्या वेळेवर तुटल्या म्हणजे पुरे.

यातील ‘वेळेवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. देवीच्या रोगात अंगावर पुरळ येण्यापूर्वी रुग्णापासून सहसा संसर्ग होत नसे. त्यामुळे शोध घेणाऱ्याला उसंत मिळे. कोरोनाचा रुग्ण मात्र लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच रोग पसरवू शकतो. तो दवाखान्यात जाणार, तपासणी होणार, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागणार, मग याद्या होणार. तोवर यादीतला माणूस स्वतःच रोग देऊ लागलेला असतो. कागदाची नोंदवही या शर्यतीत मागे पडते, म्हणून यंत्राची आठवण झाली.

महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ९ मार्च २०२० रोजी दुबईहून पुण्यास परतलेल्या एका दांपत्याला कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी आणखी तिघांची भर पडली : त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा मोटारचालक आणि विमानातील एक सहप्रवासी. या तिघांत संपर्काचे तीन प्रकार आले. मुलीचे नाव सांगायला कोणत्याही साधनाची गरज नाही. चालकाचा चेहरा आठवतो, पण पत्ता शोधावा लागतो. सहप्रवाशाचे तर नावही आपल्याला ठाऊक नसते. ते प्रवाशांच्या यादीतूनच मिळायचे. विमानाची यादी असते. पण कोल्हापूर-इचलकरंजी एस. टी.त शेजारी कोण बसले होते, याची यादी कोठून आणायची? मोबाइलकडून अपेक्षा होती ती या तिसऱ्या प्रकारच्या माणसाला शोधण्याची.

सक्तीचा शोध आणि मायेचा शोध

यंत्राकडे वळण्यापूर्वी आपल्या इतिहासातील दोन प्रसंग डोळ्यांपुढे ठेवले पाहिजेत. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो पुण्यास आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. उद्देश रुग्ण शोधण्याचा होता. परंतु घरात, देवघरात शिरणे, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची जाळपोळ यांमुळे लोक संतापले. परिणाम असा झाला, की लोक रुग्ण लपवू लागले. मृत्यू झाला तरी तो कळू नये म्हणून धडपडू लागले. शोध जितका कडक, तितकी लपवाछपवी अधिक. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा पुढचा इतिहास सर्वांना परिचित आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवीत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्ण शोधणे दोन्हीकडे होते. एका ठिकाणी शोध घेणारा आला की दार बंद होई, दुसरीकडे ते उघडे. हा फरक साधनांचा नव्हता.

दुसरा प्रसंग देवीच्या उच्चाटनाचा. १९७४ साली भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांहून अधिक माणसे मेली. त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, देशातील अखेरचा रुग्ण सापडला. ही किमया केवळ लसीची नव्हती. लस तर शंभरावर वर्षे उपलब्ध होती. कार्यकर्ते देवीच्या पुरळाचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरोघर गेले, बाजारात, शाळेत ते चित्र दाखवून ‘असा रुग्ण पाहिला का?’ असे विचारू लागले. आरोग्य केंद्रात अफवांची नोंदवही ठेवली जाई आणि प्रत्येक अफवेची शहानिशा केली जाई. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस होते. ते वाढत वाढत हजार रुपयांपर्यंत गेले. रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचून रोगाला कडे घालायचे, ही पद्धत होती. या मोहिमेतही काही ठिकाणी जबरदस्तीने लस टोचण्यात आली, हे नमूद केले पाहिजे. तरीही तिचा मुख्य आधार लोकांनी आपणहून दिलेली खबर हाच होता. संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. एक चित्र, एक वही आणि पायपीट यांवर एक रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला.

खिशातला पहारेकरी

आता मोबाइलचे काम कसे चालते ते पाहू. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ब्लूटूथ नावाची, थोड्या अंतरापर्यंत पोहोचणारी बिनतारी सोय असते. संपर्क-शोधाचे ॲप घेतलेला फोन आपला एक सांकेतिक क्रमांक सतत हवेत सोडतो आणि जवळपासच्या तशाच फोनांचे क्रमांक टिपून ठेवतो. एखाद्याला रोग झाल्याचे सिद्ध झाले, की गेल्या काही दिवसांत त्याच्या फोनाजवळ किती वेळ कोणते फोन होते हे शोधून त्यांच्या धन्यांना सूचना जाते. माणसाने काही आठवावे लागत नाही, फोन आठवतो.

सिंगापूरने २० मार्च २०२० रोजी असे ॲप काढले. भारत सरकारचे ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० रोजी आले आणि सुमारे सहा आठवड्यांत ते दहा कोटी लोकांनी घेतले. त्यात ब्लूटूथबरोबर उपग्रहाच्या साह्याने कळणारे ठिकाणही नोंदले जाई. साधा फोन असणाऱ्यांसाठी १९२१ या क्रमांकाची सोय होती. याउलट, ॲपल आणि गूगल या कंपन्यांनी मे २०२० मध्ये जी पद्धत दिली, तिच्यात ठिकाण नोंदलेच जात नसे, सांकेतिक क्रमांक काही मिनिटांनी बदलत असे आणि ‘आपला संपर्क आला होता काय’ याचा पडताळा प्रत्येकाच्या फोनातच होई. पहिल्या पद्धतीत रुग्णाच्या संपर्काची माहिती सरकारच्या संगणकात जाते. दुसऱ्या पद्धतीत भेटींची यादी कोणाच्याच हाती एकत्र पडत नाही. पहिलीमुळे आरोग्यखात्याला साथीचे चित्र दिसते, दुसरीमुळे नागरिकाचा खाजगीपणा राखला जातो. ही निवड तंत्रज्ञाची एकट्याची नव्हे, ती राज्यकारभाराची आहे.

आता या पहारेकऱ्याच्या मर्यादा. ब्लूटूथ अंतर मोजते ते संदेश किती जोरकस आहे यावरून. फोन खिशात असला, पर्समध्ये असला, की अंदाज चुकतो. दोन खोल्यांमधली भिंत त्याला दिसत नाही, की उघडे मैदान आणि बंद खोली यांतला भेद कळत नाही. दुसरी मर्यादा गणिताची आहे. भेट नोंदली जायची तर दोघांकडेही ॲप हवे. शंभरांतील चाळीस जणांकडे ते असेल, तर शंभर भेटींपैकी चाळीस नव्हे, सरासरी सोळाच भेटी नोंदल्या जातील; कारण चाळीस टक्क्यांचे चाळीस टक्के म्हणजे सोळा. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया सुमारे ५४ टक्केच आढळल्या. त्यातही स्मार्टफोन किती जणींकडे, हा प्रश्न वेगळाच. घरात एकच फोन आणि तो घरधन्याच्या खिशात, अशा घरातली स्त्री या यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

म्हणून ही साधने निरुपयोगी ठरली काय? तसेही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तेथील ॲप सुमारे २८ टक्के लोकांनी नियमित वापरले. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांत त्यामुळे सुमारे २ लाख ८४ हजार ते ५ लाख ९४ हजार लोकांना होणारा संसर्ग टळला असावा, असा अंदाज तेथील संशोधकांनी मांडला. जेथे तपासणीचा अहवाल लवकर मिळतो आणि सूचना आल्यावर घरी बसणे परवडते, तेथे यंत्र उपयोगी पडते.

आपल्याकडे साथ कोणी शोधली?

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या चौघांना कोरोना झाल्याचे २३ मार्च २०२० रोजी आढळले आणि महिनाअखेर ही संख्या पंचवीसच्या घरात गेली. बहुतेक सर्व परस्परांच्या निकट संपर्कातले. याद्या करून संपर्कातील माणसे बाजूला ठेवली गेली, परिसर बंद झाला, घरोघर तपासणी झाली आणि एप्रिलच्या अखेरीस तेथील साथ आटोक्यात आली. त्या वेळी ‘आरोग्य सेतू’ जन्माला येत होते. साखळी तुटली ती मुख्यतः विचारपुशीने.

कोल्हापूर जिल्ह्यात त्याच मार्चच्या अखेरीस पहिले रुग्ण सापडले. खरी कसोटी लागली ती मे महिन्यात, मुंबई-पुण्याकडची आपलीच माणसे गावी परतू लागली तेव्हा. शाहूवाडी, भुदरगड, आजरा या तालुक्यांतून पोटासाठी मुंबईला गेलेल्यांची संख्या मोठी. गावोगावी समित्या झाल्या, शाळांच्या वर्गखोल्यांत अलगीकरणाची सोय झाली. कोण कोणत्या गाडीने आला, वाटेत कोणाकडे उतरला, हे गावाला आणि आशाताईंना ठाऊक होते. एखादी सून माहेरी जाऊन आली हे उपग्रहाला कळत नाही, गल्लीला कळते. पुढे १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर झाली. तीतही घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूचे प्रमाण मोजणारी माणसेच होती. मोबाइल त्यांच्या हाती होता तो माहिती भरण्यापुरता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा सेविकांचा गौरव केला, तो याच कामाचा.

परंतु गल्लीला सारे कळते, याची दुसरी बाजूही आहे. गल्ली बोटही दाखविते. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने घरी अलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यास प्रारंभ केला. शेजारच्या कर्नाटकात तर अशा लोकांचे पत्तेच सरकारने जाहीर केले. रुग्णांची नावे व्हॉट्सॲपवर फिरली. मग अंगात कणकण आली तरी ‘उगीच नाव बाहेर नको’ म्हणून माणसे गप्प बसली. १८९७ ची लपवाछपवी नव्या वेषात आली होती. योगायोग असा, की मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जो कायदा लागू केला, तो त्याच १८९७ सालचा होता.

संपर्काच्या याद्या जेथे करताच येत नाहीत, अशीही ठिकाणे असतात. मुंबईच्या धारावीत बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. तेथे कोण कोणाच्या संपर्कात आला, हे कोण सांगणार? म्हणून महापालिकेने तापाची शिबिरे भरविली, घरोघर तपासणी केली, रुग्ण शोधण्याची वाट न पाहता रोगाच्या मागे लागण्याचे धोरण ठेवले. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत ८४,९६५ रुग्ण व त्यांच्या संपर्कातील ५,७५,०७१ माणसे यांच्या माहितीचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या संपर्कात एकही नवा रुग्ण सापडला नव्हता. थोड्याच रुग्णांपासून पुष्कळांना लागण झाली होती. म्हणजे ‘तू कोणाला दिलास?’ याइतकाच ‘तुला कोठे झाला?’ हा उलट दिशेचा प्रश्न मोलाचा. कारण तो लग्नाच्या हॉलपर्यंत वा बंद खोलीपर्यंत नेतो.

माणूस नव्हे, पाणी

काही साथींत तर शोधायचा असतो पाण्याचा संपर्क. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून. अशा वेळी रुग्णांच्या भेटींची यादी करून काय उपयोग? तेथे नकाशा हवा. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखविले. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही रुग्णांची ठिकाणे संगणकाच्या नकाशावर मांडून पाण्याच्या स्रोतांकडे लक्ष वळविण्यात आले.

डिजिटल साधनांचे सर्वांत भरीव काम मला येथे दिसते, आणि त्याची जाहिरात सर्वांत कमी होते. देशात २००४ पासून साथरोगांवर देखरेख करणारी एकात्मिक योजना आहे. आरोग्यसेवकाचा ‘एस’, डॉक्टरांचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’ असे तीन तक्ते दर आठवड्याला वर जात. एप्रिल २०२१ पासून ही माहिती नव्या संगणकीय मंचावर त्याच दिवशी, ठिकाणासह भरण्याची सोय झाली. एका गावात एका दिवशी जुलाबाचे आठ रुग्ण झाले, हे जिल्ह्याला आठवड्यानंतर कळणे आणि त्याच संध्याकाळी कळणे यांत कित्येक घरांचे अंतर असते. मात्र उपकेंद्रातील सेविकेने ती नोंद केली पाहिजे. आणि तिने ती करावी, तर आजारी माणसाने तिला सांगितले पाहिजे. गाडे फिरून तेथेच येते.

वही कोणाच्या हाती?

तेव्हा पुढच्या साथीत असे एखादे ॲप समोर आले, की सुशिक्षितांनी त्याला डोळे मिटून होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये. काही साधे प्रश्न विचारावेत. माहिती कोणाकडे जाणार? किती दिवस राहणार? दुसऱ्या कामासाठी वापरली जाणार नाही, याची हमी काय? सिंगापूरमध्ये प्रारंभी ‘केवळ साथीसाठी’ म्हणून घेतलेली माहिती पोलिसांनाही मिळू शकते, असे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले; लोकक्षोभानंतर कायदा करून तिला मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे मे २०२० मध्ये नोकरदारांना ‘आरोग्य सेतू’ सक्तीचे करण्यात आले आणि टीका झाल्यावर पंधरवड्यात ती सक्ती सैल झाली. माहिती किती दिवसांनी पुसायची याचे नियमही त्याच महिन्यात, म्हणजे ॲप कोट्यवधी हातांत गेल्यावर आले. संपर्क-शोधाची सोय बंद करून ती माहिती पुसल्याचे सरकारने २०२२ मध्ये संसदेत सांगितले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण साथीच्या काळात आरोग्यसेवेसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. म्हणजे ज्या वेळी पहारा सर्वांत जास्त हवा, त्याच वेळी दार थोडे उघडे आहे.

आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो भाकरीचा. ‘तुम्ही रुग्णाच्या संपर्कात आला होता, चौदा दिवस घरी बसा,’ अशी सूचना फोनवर आली, की प्राध्यापक घरी बसू शकतील. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार काय करील? त्याची मजुरी बुडणार असेल, चूल कोण पेटवणार याचे उत्तर नसेल, तर तो सूचना पुसून टाकील आणि पाळीला जाईल. पुढच्या वेळी विचारणा झाली, तर मित्राचे नावही सांगणार नाही. त्याच्या घरी आठ दिवसांचा शिधा पोहोचविणे, हाही संपर्क-शोधाचाच भाग आहे.

यंत्राने वेळ वाचतो, विसरलेले आठवते, नकाशा क्षणात उभा राहतो. हे थोडे नाही. पण दार उघडून ‘होय, मला परवापासून ताप आहे, आणि मी अमक्याच्या घरी गेलो होतो’ असे जो सांगतो, त्याच्या त्या एका वाक्यावर सारी यंत्रणा उभी असते. ते वाक्य बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही, अशी व्यवस्था साथ नसतानाच करून ठेवावी लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपण गावोगावी जातो, पाहण्या करतो, तक्ते भरतो. तेव्हा समोरच्या माणसाने दिलेली माहिती जपून ठेवणे आणि तिचा त्याला काय उपयोग झाला हे परत जाऊन सांगणे, एवढी सवय आपण लावून घेतली, तरी पुढच्या साथीची निम्मी तयारी झाली, असे म्हणता येईल.